कयाक की पॅडलबोर्ड, हा प्रश्न दुसरा. आधी पाणी कुणाच्या तालावर चालतं ते बघा

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: डिसेंबरातला एखादा रविवार, घरचे चौघं. त्या स्वतः बऱ्यापैकी पोहतात. ११ वर्षांची मुलगी सोसायटीच्या तलावात शिकली आहे. नवऱ्याला पोहता येत नाही. ६४ वर्षांचे सासरे मूळचे चौलचे, लहानपणी विहिरीत उड्या मारलेले, पण गेली चाळीस वर्षं पाण्यात उतरलेले नाहीत आणि आता गुडघ्यांनी बेजार आहेत. कोलाडला कुंडलिका नदीत कयाक (बसून वल्हवायची अरुंद होडी) किंवा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची रुंद फळी) भाड्याने घ्यायचा विचार आहे. ते जमलं नाही तर सासऱ्यांच्या गावाकडे रेवदंड्याच्या खाडीत. भाड्याने देणाऱ्याने फोनवर सांगितलं, ‘पाणी एकदम शांत आहे, मुलंसुद्धा करतात.’ तर दोन्हींपैकी काय घ्यावं, आणि सोमवारी ऑफिस गाठता येईल ना?

ताई, कयाक घ्या. दोघांची, वर बसायची. त्याचं कारण पुढे सांगतोच. पण तुमचा खरा प्रश्न त्या फोनवरच्या वाक्यात आहे असं मला वाटतं. ‘पाणी शांत आहे’ हे किती वाजताचं सांगितलं त्यांनी?

मी राहतो मुलुंडला, पण सात हंगाम कोलाडला नदीवर काम केलं आहे आणि आता शनिवार-रविवारी नवशिक्यांना वल्हवायला शिकवतो. माणसं पाण्यात पडतात ती बहुतेक हसत पडतात आणि हसतच वर येतात. मला आठवतात ते वाईट प्रसंग वेगळे आहेत. तिथे कयाक चांगली होती, जॅकेट चांगलं होतं, आणि तास चुकला होता.

तुमचे दोन्ही पर्याय एकाच नदीवरचे आहेत हे तुमच्या लक्षात आलंय का? कोलाडहून रोह्याला गेलेली कुंडलिकाच पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. पण वर कोलाडला ती वीजघराचं ऐकते आणि खाली रेवदंड्याला चंद्राचं. मुळशी धरणाचं पाणी, म्हणजे खरं तर पलीकडच्या भीमेच्या खोऱ्यातलं पाणी, घाट उतरवून भिऱ्याच्या वीजघरात आणतात. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. वीज तयार झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या मार्चमध्ये दगड दाखवायला लागतात, तेव्हाही कुंडलिकेत राफ्टिंग चालू असतं, आणि म्हणूनच ते सकाळी असतं. कोलाडच्या पोरांचा सकाळचा पहिला प्रश्न ‘चहा झाला का’ हा नसतो, ‘पाणी आलं का’ हा असतो. पाणी सुटलं की ज्या काठावर तुम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उभे होता, तिथे थोड्या वेळात मांडीएवढं पाणी असतं, तेही वाहतं. आवाज आधी बदलतो. दगडांवरची खळखळ दबते आणि एक जाड, सलग घरघर सुरू होते. पाण्यावर सुकी पानं आणि काटक्यांचा फेस येतो. हे दिसलं की काठाला यायचं, मग गाइड काहीही म्हणो.

म्हणून कोलाडच्या माणसाला फोनवर विचारायचं ते असं: पाणी साधारण किती वाजता सुटतं, तुमच्या जागेपर्यंत कधी पोचतं, आणि उतरतं कधी? रोज वल्हवणारा माणूस याचं उत्तर विचार न करता देतो, आणि वर ‘पण त्या दिवशी सकाळी एकदा फोन करा, बदलतं’ असंही म्हणतो. असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

दुसरा प्रश्न बंधाऱ्याचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडच्या नदीत सपाट, आरशासारखं पाणी दिसलं की लोकांना वाटतं नदीचा स्वभावच शांत आहे. सह्याद्रीतून उतरणारी नदी स्वभावाने शांत नसतेच. ते पाणी शांत असतं कारण खाली कुठेतरी बंधारा आहे आणि तुम्ही त्याच्या फुगवट्यात आहात. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. इतर नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे दिसतात. पावसाळा सरला की त्यात बर्गे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. म्हणजे ऑक्टोबरात जिथे नदी वाहत होती, तिथे डिसेंबरात तळं असतं. छान. पण त्या तळ्याला एक टोक असतं.

वरच्या बाजूने बघाल तर बंधारा दिसतच नाही. पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे जरा जास्तच खाली वाटतात, एवढंच. भिंतीवरून पाणी पडत असेल तर पायथ्याशी ते उलटं, भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेला माणूस, जॅकेट घातलेलं असलं तरी, पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढला जातो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट गावात पॅडलबोर्डवाल्यांचा नऊ जणांचा गट फुगलेल्या नदीवर अशाच एका बुटक्या बंधाऱ्यावरून गेला. चौघांचा जीव गेला. बंधारा मोठा असावा लागत नाही, पाणी जास्त असलं की पुरतं.

तेव्हा विचारा: बंधारा किती लांब आहे, आणि आम्ही त्याच्या कुठल्या बाजूला वल्हवणार? आणि स्वतःसाठी एक नियम: निघताना आधी प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेने जायचं. ताजे असताना कष्टाचं काम उरकतं आणि दमल्यावर नदी घरी आणून सोडते. पहिल्यांदा येणारे नेमकं उलट करतात. सुरुवातीला वाहत जायला मजा येते, आणि मग परत फिरल्यावर कळतं की आपण किती वाहून आलो.

वाऱ्याचंही हेच. हिवाळ्यात आपल्या किनारपट्टीवर सकाळी वारा पडलेला असतो किंवा डोंगराकडून हलका येतो. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडचा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. मी एकदा आतल्या एका जलाशयावर दोन नवख्या मुलांना साडेदहाला बोर्डवर नेलं. वीस मिनिटांत पलीकडच्या काठाला पोचलो, डबा खाल्ला, फोटो काढले. परत फिरलो तर वारा तोंडावर. उभा माणूस म्हणजे शीडच; दोन वल्ही मारली की तीन हात मागे. शेवटी दोघांना गुडघ्यांवर बसवलं, नंतर पालथं झोपवून हातांनी पाणी मारायला लावलं, आणि त्या वीस मिनिटांच्या अंतराला दीड तास लागला. चूक माझी होती, मुलांची नाही. तेव्हापासून नवशिक्यांचं पाण्यातलं काम मी साडेदहाला संपवतो.

कयाक का, याचं उत्तर यातच निम्मं आलं. बसलेल्या माणसाला वारा कमी लागतो, आणि दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं असल्यामुळे नवखासुद्धा पहिल्या दहा मिनिटांत कुठेतरी पोचतो. बोर्डवर पहिला अर्धा तास गुडघ्यांवर जातो, आणि तुमच्या सासऱ्यांना नेमकं तेच झेपणार नाही. वर बसायची कयाक म्हणजे प्लॅस्टिकची, उघडी, तळाला आरपार भोकं असलेली. त्या भोकांतून पाणी वर येताना बघून लोक घाबरतात. ती भोकं आत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणूनच आहेत. उलटली तर सरळ करून परत चढता येतं. ज्यात पाय आत घालून बसतात ती बंद कयाक नवशिक्याने घेऊ नये. ती उलटली की पाण्याने भरते आणि काठाला नेऊन रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसतं.

बसवायचं कसं? चार माणसांसाठी चार साधनं घेऊ नका. दोघांच्या दोन कयाक, तासभर, आणि सोबत एक गाइड जो स्वतः पाण्यात असेल, काठावर मोबाइल बघत नसेल. पहिला अर्धा तास मुलगी गाइडबरोबर, नवरा तुमच्याबरोबर. सासरे काठावर खुर्ची टाकून बघतील. त्यांना प्रवाह कसा आहे हे तुमच्याआधी कळेल. दुसऱ्या अर्ध्या तासात सासरे गाइडच्या पुढे, मुलगी तुमच्या पुढे, आणि नवरा काठावर चहाला. प्रत्येक कयाकमध्ये प्रत्येक वेळी एक पोहणारा राहतो आणि पैसेही वाचतात. वजनदार आणि दिशा सांभाळणारा माणूस नेहमी मागे. नाक जड झालं की कयाक वळत नाही. तुमचा नवरा तुमच्यापेक्षा बराच जड असेल तर त्यांना मागे बसवा आणि दिशा तुम्ही पुढून तोंडाने सांगा. नवरा-बायको एका कयाकमध्ये बसले की पहिली दहा मिनिटं नदी सोडून बाकी काहीच शांत नसतं, हे मात्र मी लिहून देतो. वल्ही एकमेकांवर आपटतात. पुढच्याने लय धरायची, मागच्याने ती बघून वल्हं घालायचं, एवढं ठरलं की भांडण मिटतं.

बोर्डाची हौस असेलच, मुलीला तर नक्कीच. शेवटी अर्धा तास एक बोर्ड घ्या, कंबरेएवढ्या पाण्यात, काठाला धरून. नवशिक्याला रुंद बोर्ड हवा, ३२ इंच तरी. हवेचा असेल तर अंगठ्याने दाबून बघा. दबला तर हवा कमी आहे. १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते तेव्हा तो फळीसारखा लागतो, कमी असली तर मधे बाकदार होतो आणि माणूस तोल जातोय म्हणून स्वतःला दोष देत बसतो. उभं राहताना पाय मधल्या हँडलच्या दोन बाजूंना, नजर समोरच्या झाडावर. पायाकडे बघितलं की पडलातच. पडायचं तर बोर्डपासून लांब, आडवं पडायचं, सूर मारल्यासारखं नाही. खाली दगड किती वर आहे ते माहीत नसतं. आणि वल्हं उलटं धरू नका. पातं दांड्याशी जरासं वाकलेलं असतं. ते वाकण पुढे, नाकाच्या दिशेने हवं. दहापैकी आठ जण मागे धरतात, कारण हाताला ते चमच्यासारखं बरोबर वाटतं.

बोर्डाबरोबर पायाला बांधायची दोरी मिळेल. स्थिर पाण्यात ती बांधलीच पाहिजे. पाणी वाहतं असेल आणि काठाला फांद्या बुडालेल्या असतील तर घोट्याची दोरी अजिबात नको. माझी एकदा पाण्याखालच्या करंजाच्या फांदीत अडकली होती. बोर्ड फांदीच्या एका बाजूने गेला, मी दुसऱ्या बाजूने, आणि प्रवाह दोघांना खाली ओढत होता. कमरेत वाकून घोट्यापर्यंत हात न्यायला मला तीन प्रयत्न लागले, आणि पाणी जेमतेम छातीएवढं होतं. वाहत्या पाण्यात कमरेचा पट्टा हवा, एका झटक्यात सुटणारा. तो त्यांच्याकडे नसेल तर बोर्ड घेऊच नका, कयाकवरच भागवा. आणि वाहत्या पाण्यात कुणीही पडलं तर उभं राहायची घाई करायची नाही. पाय दगडांत अडकतो आणि पाणी पाठीवरून माणसाला पालथं पाडतं. उताणं व्हायचं, पाय वर आणि पुढे, आणि हळूहळू काठाकडे सरकायचं. मुलीला हे घरीच गादीवर करायला लावा. खेळ म्हणून लक्षात राहील.

जॅकेट बघताना रंगाकडे बघू नका. घालून, सगळे पट्टे आवळून, दुसऱ्याला खांद्यांचे पट्टे धरून वर उचलायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं नाही. फोम चिमटीत दाबून सोडा, फुगून परत आला नाही तर तो मेलेला आहे. मोठ्यांचं जॅकेट दोरीने आवळून मुलांना घालतात, ते चालवून घेऊ नका. ‘११ वर्षांच्या मुलीच्या मापाचं आहे का’ हे फोनवरच विचारा. शक्य असेल तर मांडीखालून जाणारा पट्टा असलेलं.

परवान्याचं: महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, विचारा. गाइडकडे गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं प्रशिक्षण असेल तर उत्तमच. पण कागद असला तरी एक प्रश्न विचाराच: ‘वारा सुटला किंवा पाणी वाढलं तर काय करता?’ मला हवं असलेलं उत्तर ‘बाहेर काढतो, दुसरा दिवस देतो’ असं काहीतरी आहे. ‘काही होत नाही हो’ असं आलं, की नमस्कार करून फोन ठेवा. ओळखपत्राची मूळ प्रत अनामत म्हणून मागितली तर झेरॉक्स द्या.

आता रेवदंडा. तिथे वीजघर नाही, तिथी आहे. सासऱ्यांना विचारा, हे गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत असेल: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला गणिताने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. तुम्हाला सकाळ हवी आहे, म्हणजे एकादशी-द्वादशीच्या जवळचा रविवार बघा. भरती व्हायच्या तासभर आधी उतरलात तर चढतं पाणी खाडीत वर नेतं, मग थोडा वेळ पाणी थबकतं, आणि ओहोटी लागली की तीच परत आणते. पण परत आणताना ती किनाऱ्यापाशी थांबत नाही, पुढे समुद्राकडे नेते. म्हणून ओहोटी जोर धरायच्या आत बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नकोच. भरती-ओहोटीतला फरक आपल्याकडे चार मीटरच्या वर जातो आणि ते सगळं पाणी खाडीच्या तोंडातूनच ये-जा करतं. शिवाय ओहोटीला काठाला जो चिखल उघडा पडतो त्यात गुडघाभर पाय जातो, आणि खडकांवर कालवं असतात, पाय कापून ठेवतात. जुने बूट घालून उतरा, चपला नकोत.

दोन्हींपैकी मी स्वतः तुम्हाला कोलाड सुचवेन, फक्त गाइड मिळतो म्हणून. खाडीत सासऱ्यांच्या ओळखीचा एखादा कोळी स्वतःच्या होडीने सोबत राहायला तयार झाला तर माझं मत बदलेल. त्याच्याइतकं ते पाणी कुणालाच कळत नाही.

कुणीतरी खाली विचारेलच की एवढं लांब कशाला, मुंबईतच नाही का काही. मुंबईला चार नद्या आहेत, मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा, आणि एकीतही हाताचं बोट बुडवावंसं वाटत नाही. २६ जुलै २००५ पर्यंत निम्म्या शहराला मिठी ही नदी आहे हेच माहीत नव्हतं. पवई तलावात मगरी आहेत. तानसा, वैतरणा, भातसा ही आपल्या नळाची पाणी, तिथे हौस करायची नाही. कर्जत-बदलापूरची उल्हास डिसेंबरात देखणी असते, पण जागोजागी उथळ. खाली कल्याणच्या बाजूला उन्हाळ्यात जलपर्णी इतकी दाटते की वल्हं हलत नाही. आणि पावसाळ्यात कुठलीच नको. २०१९ च्या जुलैत हीच उल्हास वांगणीजवळ रुळांवर आली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस भर पाण्यात अडकली, तेव्हाची दृश्यं आठवत असतीलच. डिसेंबरात अवकाळी झाला तरी दोन दिवस थांबा. पाणी गढूळ असेल आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा ताप, फक्त मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावरच होतो असं नाही.

किरकोळ गोष्टी: मंगळसूत्र, अंगठ्या घरी. जीन्स नको, भिजली की जड होते आणि परत कयाकवर चढू देत नाही. सासऱ्यांच्या चष्म्याला मागून दोरी बांधा. गाडीची किल्ली गाइडकडे देण्यापेक्षा काठावर राहणाऱ्याकडे द्या. निघायच्या आधी गाइडला म्हणा, छातीएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम उलटवून परत चढून दाखवा आणि आम्हाला चढू द्या. मधोमध पोट टाकायचं, पाय मारायचे, मग फिरून बसायचं. नवऱ्याने तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये. पोहता न येणाऱ्याची भीती जॅकेटने कमी होते, पण जाते ती एकदा पडून वर आल्यावर.

आता सोमवार. डोंबिवलीहून पहाटे साडेचारला निघा, वडखळला वडापाव उरका, आठच्या आत कोलाड. साडेदहाला पाण्याबाहेर, अकराला जेवायला बसा आणि एकच्या आत परतीला लागा. चारनंतर निघालात तर सोमवारी ऑफिस गाठाल की नाही हे नदीवर नाही, मुंबई-गोवा महामार्गावर ठरेल. मंगळवारी दंड दुखले तर समजा हातांनी वल्हवलं. कंबर आणि बरगड्यांच्या बाजू दुखल्या तर बरोबर वल्हवलं.